नवा दप्तरदार, जुने दप्तर

ज्या घरातील ध्वनिमुद्रणांचा संग्रह कपाटातून उतरून संगणकाच्या डिस्कवर गेला आहे, आणि तो बैठकीच्या खोलीत, स्वयंपाकघरात किंवा बाहेरगावी मोबाइलवर ऐकता यावा म्हणून जेथे एखादा संगीत-सर्व्हर अहोरात्र चालू असतो, तेथील गृहस्थ जुन्या सॉफ्टवेअरला कंटाळून नव्याकडे वळू पाहतो, तेव्हा त्याच्या तोंडून पहिला प्रश्न निघतो तो हा: ‘हे बदलले तर माझी गाणी जातील काय?’ या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे, आणि ते निःशंकपणे देता येते. परंतु तेवढ्यावर विसंबून जो कामाला लागतो, त्याला आठवड्याभरात असे आढळून येते की, गाणी सर्व जागच्या जागी असूनही हवे ते गाणे सापडत नाही, वर्षानुवर्षे रचलेल्या प्लेलिस्ट रिकाम्या दिसतात, एकाच गायिकेच्या तीन गायिका झालेल्या आहेत, आणि आवडत्या गाण्यांवर दिलेले तारे अस्तंगत झालेले आहेत. तात्पर्य, गाण्यांविषयी आपण जे ज्ञान जमविले ते कोठे लिहून ठेवले होते, हा अधिक महत्त्वाचा प्रश्न त्याने विचारलेलाच नसतो.

या प्रकरणातील उदाहरणे बुद्धिपुरस्सर चेन्नईची घेतली आहेत. तंजावरच्या भोसल्यांच्या राज्याबरोबर दक्षिणेत गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज, आणि अलीकडे नोकरी-व्यवसायानिमित्त तेथे स्थायिक झालेले महाराष्ट्रीय, यांच्या संग्रहांत कर्नाटक आणि हिंदुस्थानी ही दोन्ही संगीते शेजारी शेजारी नांदत असतात; सुब्बुलक्ष्मींच्या कृतींलगत भीमसेन जोशींची अभंगवाणी असते, आणि आकाशवाणीवरून टेपवर उतरवून घेतलेल्या जुन्या कच्चेऱ्यांच्या, म्हणजे मैफलींच्या, बाजूला पु. ल. देशपांडे यांचे कथाकथन असते. पाश्चात्त्य तीन मिनिटांच्या गीतासाठी घडविलेल्या सॉफ्टवेअरची परीक्षा अशा संग्रहात जितकी कठोर होते, तितकी ती अन्यत्र क्वचितच होत असेल.

१. सर्व्हर म्हणजे काय

सर्व्हर या नावाला भिण्याचे कारण नाही. चेन्नईच्या रिची स्ट्रीटवरील दुकानांतून मिळणारा, तळहातावर मावणारा ‘रास्पबेरी पाय’ हा संगणक, जो २०१२ साली प्रथम बाजारात आला, तोसुद्धा या कामाला पुरेसा होतो. त्यावर चालणारा प्रोग्रॅम स्वतः काही वाजवीत नाही. तो डिस्कवरील फाइली वाचतो, त्यांची सूची तयार करतो, आणि मागणी येईल त्याप्रमाणे त्या त्या खोलीतील प्लेअरकडे ध्वनी रवाना करतो.

जुन्या संस्थानी कचेरीतील दप्तरखाना डोळ्यांपुढे आणला म्हणजे या यंत्रणेचा उलगडा चटकन होतो. तेथे कागदांचे रुमाल बांधून फडताळांत ठेवलेले असत. प्रत्येक कागदावर मथळा, मिती आणि शेरा लिहिलेला असे. आणि दप्तरदार आपल्यापाशी एक फेरिस्त बाळगी, जिच्या आधाराने तो मागितलेला कागद काढून देई. आपल्या संग्रहातील ध्वनीच्या फाइली म्हणजे हे कागद होत. फाइलीच्या आतच लिहिलेली गायक, रचना, वर्ष इत्यादी माहिती, जिला टॅग म्हणतात, ती म्हणजे कागदावरील मथळा व शेरा होय. सर्व्हरचे सॉफ्टवेअर हा दप्तरदार, आणि त्याचा डेटाबेस ही त्याची खाजगी फेरिस्त.

दप्तरदार बदलला म्हणजे रुमाल जळत नाहीत. कागदावर लिहिलेला मथळाही पुसला जात नाही. परंतु जुना दप्तरदार जाताना आपली फेरिस्त बरोबर घेऊन जातो, आणि नव्याला ती वाचता येत नाही, कारण प्रत्येकाची ती लिहिण्याची रीत निराळी असते. म्हणून जे कागदावर लिहिले आहे ते तगते, आणि जे केवळ फेरिस्तेत होते ते जाते. पुढील सर्व विवेचन या एका भेदाचा विस्तार आहे.

२. दप्तरदार का बदलावा लागतो

नव्या सॉफ्टवेअरचे रूप अधिक देखणे आहे, एवढ्याच कारणास्तव बदल करू नये, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. महिन्याभरात नवे रूपही सवयीचे होते आणि केलेले श्रम मात्र फुकट जातात. तथापि पुष्कळदा बदल आपल्या इच्छेने होत नाही, तो आपल्यावर येऊन पडतो.

स्लिम डिव्हायसेस या छोट्या अमेरिकन कंपनीने २००१ साली ‘स्लिम्प३’ नावाचा प्लेअर काढला, आणि त्याला गाणी पुरविण्यासाठी पर्ल या भाषेत लिहिलेला एक सर्व्हर सर्वांना मोफत दिला. २००६ मध्ये लॉजिटेकने ती कंपनी विकत घेतली, आणि २०१२ मध्ये तिच्या ‘स्क्वीझबॉक्स’ प्लेअरांचे उत्पादन थांबविले. यंत्रे बंद झाली तरी सर्व्हर मात्र मुक्त स्रोताचा असल्यामुळे स्वयंसेवकांच्या हाती जिवंत राहिला. कंपनीने २०२४ मध्ये स्क्वीझबॉक्सची इंटरनेटवरील सेवा बंद केली त्याच वर्षी त्याने ‘लिरियन म्युझिक सर्व्हर’ असे नवे नाव धारण केले. कंपनीने सोडून दिलेल्या यंत्रांना दशकाहून अधिक काळ सेवकवर्ग मिळत राहावा, हे या व्यवसायात विरळाच घडते.

उलट प्रकारची उदाहरणेही आहेत. नॉर्वेच्या सिन्द्रे मेहुस यांचे ‘सबसॉनिक’ हे सर्व्हर-सॉफ्टवेअर प्रारंभी मुक्त होते, २०१६ मध्ये त्याचा स्रोत बंद झाला, आणि त्याच्या शेवटच्या मुक्त आवृत्तीपासून इतरांनी नवनव्या शाखा काढल्या, ज्यांतील काही पुढे ओसाड पडल्या. ‘एम्बी’चा स्रोत बंद झाल्यावर डिसेंबर २०१८ मध्ये ‘जेलीफिन’ त्यातून फुटून निघाले. वर्गणी घेऊन चालणारा ‘रून’ २०२३ च्या अखेरीस हार्मन कंपनीच्या मालकीचा झाला. या घडामोडींत कोणाचा दोष होता हे ठरविण्याचे आपल्याला प्रयोजन नाही. ज्याचा संग्रह वीस-तीस वर्षे टिकावयाचा आहे, त्याच्या हयातीत दप्तरदार दोन-तीन वेळा तरी बदलणार, एवढे गृहीत धरणे मात्र शहाणपणाचे.

आजघडीला घरगुती श्रोते ज्याकडे विशेष वळतात ते ‘नॅव्हिड्रोम’ देलुआन किन्ताओ यांनी गो या भाषेत लिहिले आहे. ते हलके आहे, छोट्या संगणकावर सुखाने चालते, आणि सबसॉनिकच्या बोलीत बोलणारी सर्व ॲप त्याच्याशी संवाद करू शकतात. लिरियनवरून नॅव्हिड्रोमवर जाणे हेच उदाहरण आपण पुढे घेऊ.

३. कागदावर काय, फेरिस्तेत काय

गाण्याचे नाव, गायक, अल्बम, क्रमांक आणि वर्ष ही सामान्यतः फाइलीच्या आत असतात. ती नव्या सर्व्हरला आयती मिळतात. मुखपृष्ठाचे चित्र फाइलीत किंवा त्याच फोल्डरात असेल तर तेही मिळते. परंतु कोणते गाणे किती वेळा ऐकले, शेवटी केव्हा ऐकले, ते संग्रहात केव्हा आले, त्याला किती तारे दिले, ही माहिती बहुतेक सर्व्हर आपल्या डेटाबेसातच ठेवतात.

लिरियन यासाठी दोन फेरिस्ता बाळगतो. एक संग्रहाची, जी पुसून फाइलींवरून केव्हाही पुन्हा लिहिता येते. आणि दुसरी वापराची, जी एकदा गेली म्हणजे गेली. या दुसऱ्या फेरिस्तेत गाण्याची ओळख प्रामुख्याने त्याच्या फाइलीच्या पत्त्यावरून ठेवलेली असते. यातून असा चमत्कारिक परिणाम संभवतो की, सर्व्हर तोच ठेवून केवळ फोल्डरचे नाव बदलले तरी गाण्याचा पूर्वेतिहास हरवतो. नॅव्हिड्रोमलाही प्रारंभीच्या काळात हाच रोग होता; २०२५ मध्ये आलेल्या आवृत्तीपासून फाइल हलविली तरी तिची ओळख कायम राहावी अशी व्यवस्था त्यात झाली आहे.

ताऱ्यांची गोष्ट आणखी मासलेवाईक आहे. एमपीथ्री फाइलीच्या आत आवडनिवड नोंदविण्यासाठी एक जागा आहे खरी, परंतु तेथे तारे नसून ० ते २५५ असा आकडा लिहावा लागतो, आणि कोणत्या आकड्याचे किती तारे करावयाचे याविषयी सॉफ्टवेअरांत एकवाक्यता नाही. विंडोज एका ताऱ्याला १, दोन ताऱ्यांना ६४, तिनांना १२८, चारांना १९६ आणि पाचांना २५५ लिहिते. दुसऱ्या एखाद्या सॉफ्टवेअरने २५५ चे पाच समान भाग केले, तर एका ताऱ्याला ५१ येतील, आणि विंडोजचे ६४ त्याला सव्वा तारा वाटेल. तारे फाइलीत लिहिले आहेत म्हणून ते सुखरूप आहेत, असे त्यामुळे म्हणवत नाही.

ऐकण्याचा इतिहास ज्यांना फार मोलाचा वाटतो, त्यांनी तो सर्व्हरच्या बाहेर ठेवावा. मेटाब्रेन्झ या संस्थेची ‘लिसनब्रेन्झ’ ही सेवा, किंवा तिच्याहून जुनी ‘लास्ट.एफएम’, ऐकलेल्या प्रत्येक गाण्याची नोंद स्वतंत्र बारनिशीत करून ठेवते, आणि मग कचेरीत कोणीही येवो, ती बारनिशी चालू राहते.

४. तीस बाइटांत भीमसेन जोशी

फाइलीच्या आत मथळा लिहिण्याची प्रथा एमपीथ्रीसाठी १९९६ साली सुरू झाली, आणि तिचा मूळ नमुना इतका कृपण होता की त्याचे गणित करून पाहणे उद्बोधक ठरेल. फाइलीच्या अगदी शेवटी १२८ बाइटांची पट्टी जोडली जाई. त्यांपैकी ३ बाइट खुणेचे; गाण्याच्या नावाला ३०, कलावंताला ३०, अल्बमला ३०, वर्षाला ४, शेऱ्याला ३०, आणि प्रकारासाठी एक बाइट. इंग्रजी अक्षर एका बाइटात मावते. देवनागरीचा प्रत्येक वर्ण, आणि काना, वेलांटी, मात्रा यांपैकी प्रत्येक चिन्ह, हल्ली सर्वत्र रूढ असलेल्या यूटीएफ-८ पद्धतीत तीन बाइट घेते.

आता ‘भीमसेन जोशी’ हे नाव घ्या. भ, वेलांटी, म, स, मात्रा, न ही सहा चिन्हे. ज, ओकार, श, वेलांटी ही चार. एकूण दहा चिन्हांचे तीस बाइट, आणि मध्ये सोडलेल्या मोकळ्या जागेचा एक: एकतीस! ज्या कंठाने सवाई गंधर्व महोत्सवाचे मंडप रात्र रात्र भारून टाकले, त्याच्या धन्याचे नाव एका बाइटाने जागेबाहेर राहावे, आणि शेवटच्या वेलांटीचे दोन तृतीयांश आत व एक तृतीयांश बाहेर असा तिचा खंड व्हावा, ही त्या नमुन्याची मर्यादा होती. मुळात तो नमुना युरोपीय लिप्यांसाठीच होता, देवनागरी त्याच्या गावीही नव्हती. १९९८ पासून रूढ होत गेलेल्या दुसऱ्या नमुन्याने जागेची ही अडचण दूर केली. फ्लॅक या फाइलप्रकारात तर मथळे यूटीएफ-८ मध्ये लिहिले जातात आणि हवे त्या नावाचे नवे रकाने पाडता येतात. ज्यांच्यापाशी नव्वदीच्या अखेरीस तयार झालेल्या फाइली आहेत त्यांच्यात मात्र दोन्ही नमुने एकाच वेळी वास करीत असतात, आणि जुना सर्व्हर एक वाचीत असे तर नवा दुसरा वाचतो. गायिकेच्या तीन गायिका होण्याचे हे एक कारण.

मराठी वाचकाने आणखी एका सूक्ष्म अडचणीकडे लक्ष द्यावे. ‘वाऱ्यावरची वरात’ या नावातील अर्धा र दोन-तीन रीतींनी टंकित करता येतो. एका रीतीत त्यासाठी ऱ हा स्वतंत्र वर्ण वापरून त्याचा पाय मोडतात. दुसऱ्या रीतीत नेहमीच्या र चा पाय मोडून त्यापुढे न दिसणारे एक जोडचिन्ह घालतात. काही जुन्या मॅक संगणकांच्या डिस्कवर फाइलीच्या नावातील ऱ हा र आणि खालचा ठिपका असा विभागून लिहिला जातो. पडद्यावर तिन्ही रूपे डोळ्यांना सारखी दिसतात, यंत्राच्या लेखी ती तीन निरनिराळी नावे असतात. शोधाच्या चौकटीत नाव टाकूनही फाइल सापडत नसेल, किंवा प्लेलिस्टमधून नेमकी तीच गळत असेल, तर संशयित म्हणून प्रथम या अर्ध्या र ला पकडावे.

५. रकाने कोणाच्या संगीतासाठी

येथवर जे सांगितले ते कोणत्याही गावच्या संग्रहाला लागू आहे. चेन्नईच्या संग्रहाची खरी अडचण यापुढे सुरू होते.

ज्या रचनेवर बहुतेक सर्व्हर उभे आहेत तिच्यात तीन पायऱ्या असतात: कलावंत, त्याचा अल्बम, त्यातील गाणे. चेन्नईत मैफलीला कच्चेरी म्हणतात, आणि डिसेंबरच्या मध्यापासून पुढे महिनाभर, मार्गळीच्या हंगामात, १९२७ च्या काँग्रेस अधिवेशनालगतच्या संगीत परिषदेतून जन्मलेल्या आणि १९२८ मध्ये स्थापन झालेल्या म्युझिक अकादमीपासून मैलापूर-त्यागरायनगरच्या लहानमोठ्या सभांपर्यंत त्या अखंड चालतात. अशा एका कच्चेरीत गायक असतो, त्याच्यासमवेत व्हायोलिन, मृदंगम् आणि बहुधा घटम् असते, आणि या साथीदारांपैकी एखादा गायकाइतकाच, प्रसंगी त्याहून अधिक, मान्यवर असतो. आरंभी वर्णम्, मग कृती, मध्ये रागम्-तानम्-पल्लवी आणि तालवाद्यांचे तनि आवर्तनम्, शेवटी हलक्या रचना, ज्यांत अलीकडे अभंग हमखास असतो, आणि अखेर मंगलम्, असा तिचा क्रम. प्रत्येक रचनेला वाग्गेयकार आहे, राग आहे, ताल आहे, भाषा आहे. व्हायोलिनवादक लालगुडी जयरामन यांनी ज्या ज्या कच्चेऱ्यांत साथ केली त्या सर्व मला दाखव, किंवा माझ्यापाशी असलेल्या मोहनम् रागातील सर्व रचना एकत्र कर, अशी फर्माईश चेन्नईचा श्रोता करतो. आपल्या दप्तरदाराजवळ त्यासाठी रकानाच नसतो.

एक उदाहरण तपशिलाने पाहू. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेस स्थायिक झालेले. त्यांचे दक्षिणेत जाणे-येणे पुष्कळ, आणि त्यांचा अंतही १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये, मद्रासेहून पाँडिचेरीकडे जात असता, सिंगपेरुमाळ कोविल या लहानशा स्थानकावर झाला. त्यांनी त्यागराजांची ‘राम नी समानमेवरु’ ही तेलुगू कृती खरहरप्रिया रागात ध्वनिमुद्रित केलेली आहे. ही फाइल कोणत्या रुमालात बांधावी? प्रकार हिंदुस्थानी लिहावा तर रचना कर्नाटक आहे. कर्नाटक लिहावा तर कंठ किराण्याचा आहे. कलावंताच्या रकान्यात त्यागराज लिहिणे चुकीचे, आणि न लिहावे तर त्यागराजांच्या कृती शोधणाऱ्याला ती कधीच भेटणार नाही. उपाय एकच आहे, आणि तो म्हणजे एका ‘प्रकार’ रकान्यावर सर्व भार न टाकता प्रत्येक गोष्ट तिच्या तिच्या रकान्यात लिहिणे: गायक अब्दुल करीम खाँ, रचनाकार त्यागराज, राग खरहरप्रिया, भाषा तेलुगू. प्रकाराच्या रकान्यात दोन्ही नावे स्वतंत्र मूल्ये म्हणून द्यावीत.

‘स्वतंत्र मूल्ये’ या शब्दांवर थोडे थांबले पाहिजे. व्हायोलिनवादक आणि मृदंगवादक यांची नावे मध्ये अर्धविराम घालून एका ओळीत लिहिली, तर काही सर्व्हर त्यांची दोन माणसे करतात आणि काही त्या दोघांचा मिळून एक नवाच, लांबलचक नावाचा कलावंत निर्माण करतात. तोच रकाना दोनदा लिहिणे हा निर्वेध मार्ग होय. फ्लॅकमध्ये तशी मुभा आहे, आणि नव्या सर्व्हरांपैकी बहुतेकांना ते उमगते.

रागांच्या नावांचा पेच याहून खोल आहे. आपण ज्याला मालकंस म्हणतो तो तिकडे हिंदोळम्, आणि आपला हिंडोल हा मात्र निराळाच राग. भूप म्हणजे मोहनम्, दुर्गा म्हणजे शुद्ध सावेरी. कर्नाटकी तोडीचे स्वर आपल्या भैरवीच्या थाटाशी जुळतात, आणि आपल्या मियाँ की तोडीचे स्वर तिकडच्या शुभपंतुवराळीशी. केवळ तोडी एवढाच टॅग लिहिला असेल तर ती यादी एकामागून एक लावल्यावर दोन भिन्न सृष्टी कानांवर आदळतात. पेशाने वकील असलेल्या विष्णु नारायण भातखंडे यांनी १९०४ मध्ये दक्षिणेचा दौरा केला, एट्टयपुरम् येथे सुब्बराम दीक्षितांची भेट घेतली, आणि बहात्तर मेळकर्त्यांच्या व्यवस्थेचा अभ्यास करून पुढे आपली दहा थाटांची मांडणी केली. दोन पद्धतींचे हे नाते ज्यांनी समजून घेतले आहे, त्यांनाही दोन्हींची नावे एका रकान्यात कोंबण्याचा मोह होतो. तो टाळावा. रचना ज्या परंपरेत गायिली जात असेल तिच्यातील नाव राग या रकान्यात ठेवावे, आणि हवा तर ‘समस्वरी राग’ असा दुसरा रकाना पाडावा.

नावांचा वर्णानुक्रम हाही वादाचा विषय होतो. महाराष्ट्रात जोशी हे आडनाव धरून सूची लावणे स्वाभाविक आहे. तमिळ प्रदेशात नावाच्या अग्रभागी बहुधा गाव येते, आणि सेम्मनगुडी श्रीनिवास अय्यर यांना रसिक सेम्मनगुडी म्हणूनच ओळखतात. पाश्चात्त्य नियमाने शेवटचा शब्द धरला तर अर्धी मद्रास अय्यर आणि अय्यंगार या दोन नावांखाली जमा होईल. शिवाय एम. एस. सुब्बुलक्ष्मी या नावातील टिंबे आणि मोकळ्या जागा प्रत्येक फाइलीत निराळ्या. क्रमासाठी वेगळा टॅग असतो. त्यात नाव कसे लावावे हे आपण ठरवावे आणि मग ते कधी बदलू नये.

या सर्व प्रश्नांचा शास्त्रीय विचारही झालेला आहे, आणि त्यात चेन्नईचा वाटा आहे. युरोपियन रिसर्च कौन्सिलच्या अर्थसाहाय्याने, बार्सिलोनाच्या पोम्पेउ फाब्रा विद्यापीठातील झेवियर सेरा यांच्या नेतृत्वाखाली २०११ ते २०१७ या काळात ‘कॉम्पम्युझिक’ हा प्रकल्प चालला. कर्नाटक, हिंदुस्थानी, तुर्की इत्यादी संगीतांसाठी पाश्चात्त्य चौकट अपुरी पडते, हेच त्याचे गृहीतक होते. आयआयटी मद्रास येथील हेमा मूर्ती आणि त्यांचे सहकारी त्यात सामील होते. त्या निमित्ताने ‘म्युझिकब्रेन्झ’ या सार्वजनिक कोशात कर्नाटक ध्वनिमुद्रणांच्या नोंदी राग-तालांसह पद्धतशीर भरल्या गेल्या. आपल्या फाइलींना या कोशातील ओळखक्रमांक ‘पिकार्ड’ या मोफत साधनाने जोडता येतो, आणि एकदा जोडला म्हणजे कोणत्याही सर्व्हरला गाण्याची ओळख पटविण्यास तो उपयोगी पडतो. आकाशवाणीवरून उतरविलेल्या खाजगी टेपांची नोंद मात्र त्या कोशात सापडण्याची आशा धरू नये. तेथे आपणच कारकून व्हावे लागते.

सर्व्हर राग हा रकाना दाखवीत नसेल तर काय? तरीही तो भरावा, कारण आजचा दाखवीत नसेल तर उद्याचा दाखवील. नॅव्हिड्रोमला तर असे अपरिचित टॅग ओळखावयास शिकविण्याची सोयही आता झाली आहे. आणि तोवर रचनेच्या नावापुढे रागाचे नाव ठरावीक क्रमाने जोडून लिहावे, कारण गाण्याचे नाव वाचीत नाही असा सर्व्हर नाही.

६. प्लेअरांची बोली

सर्व्हर निवडण्यापूर्वी घरात वाजविणारी यंत्रे कोणती आहेत याची मोजदाद करावी. बहुतेक लोक हे काम सर्वांत शेवटी करतात. स्क्वीझबॉक्स हा प्लेअर लिरियनचीच बोली समजतो, नॅव्हिड्रोमची समजत नाही. तेव्हा ज्याच्या दिवाणखान्यात जुना स्क्वीझबॉक्स अजून गोड वाजत आहे, त्याने लिरियन सोडला तर ते यंत्र मुके होईल. अशा घरी दोन्ही सर्व्हर एकाच संग्रहावर चालविणे हा मध्यममार्ग आहे, आणि त्यात काही गैर नाही.

रागम्-तानम्-पल्लवीचे तुकडे ज्यांच्याकडे वेगवेगळ्या फाइलींत आहेत, त्यांनी आणखी एक चाचणी घ्यावी. दोन फाइलींच्या सांध्यावर क्षणभर शांतता पडते काय, हे बहुतांशी प्लेअरवर अवलंबून असते, सर्व्हरवर नव्हे. तानम् संपून पल्लवी उचलली जाते त्या ठिकाणी पडलेला अर्ध्या सेकंदाचा खंड कोणत्याही रसिकाला सहन होणार नाही.

७. प्रत्यक्ष हवालत

प्रथम नक्कल. सीडीच्या दर्जाच्या ध्वनीत दर सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना दोन बाइटांचा, आणि डावा-उजवा असे दोन प्रवाह, म्हणजे सेकंदाला १,७६,४०० बाइट होतात. तीन तासांच्या कच्चेरीचे सुमारे १.९ गिगाबाइट. फ्लॅकमध्ये गुणवत्ता तिळमात्र न गमावता ते साधारण निम्म्यावर येते. अशा दोनशे कच्चेऱ्यांना दोनशे गिगाबाइटांच्या आसपास जागा पुरेल, आणि तेवढी डिस्क आज कोणालाही परवडते. म्हणून दुसरी प्रत न ठेवण्यास सबब नाही. ती प्रत त्याच घरात ठेवून भागत नाही, हे डिसेंबर २०१५ च्या पुराने आणि डिसेंबर २०२३ च्या मिचाँग वादळाने तळमजल्यावर राहणाऱ्या चेन्नईकरांना शिकविले आहे. ती पुण्या-कोल्हापुराकडील आप्तांकडे ठेवता आली तर उत्तम.

त्यानंतर टॅगांची दुरुस्ती, आणि ती जुना सर्व्हर चालू असतानाच करावी, म्हणजे झालेला फरक ओळखीच्या पडद्यावर पडताळून पाहता येतो. मग प्लेलिस्ट. त्या एम३यू या साध्या मजकुराच्या फाइलींत उतरवून घ्याव्यात. अशा फाइलीत दर ओळीस एका गाण्याचा पत्ता असतो. जुन्या ठिकाणी तो ‘/जुनीडिस्क/संगीत/अभंग/०१’ असा असेल आणि नव्या ठिकाणी ‘/संगीत/अभंग/०१’ असा, तर कोणत्याही लेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘/जुनीडिस्क’ हा अंश शोधून सर्वत्र गाळावा, की यादी पुन्हा सजीव होते. पत्ते प्लेलिस्टच्या स्वतःच्या फोल्डरापासून मोजलेले असतील तर एवढेही करावे लागत नाही. नॅव्हिड्रोम संग्रहातच ठेवलेल्या अशा याद्या आपण होऊन उचलतो.

नव्या सर्व्हरला संग्रहाचा फोल्डर केवळ वाचण्याच्या अधिकाराने द्यावा, लिहिण्याच्या नव्हे. नॅव्हिड्रोम फाइलींना हात लावीत नाही, परंतु सगळ्यांचा असा संयम नसतो, आणि नव्या दप्तरदाराने पहिल्याच दिवशी कागदांवर स्वतःचे शेरे ओढावेत हे कोणत्याही कचेरीत इष्ट नव्हे. त्याने संग्रह वाचून संपविल्यावर रुजुवात घ्यावी: एकूण गाणी दोन्हीकडे तितकीच भरतात काय, कलावंतांची संख्या अकस्मात वाढली आहे काय, ‘अज्ञात कलावंत’ या नावाखाली किती फाइली जमल्या आहेत. लिरियनमध्ये फोल्डरांच्या वाटेने गाणी शोधता येतात, नॅव्हिड्रोम मात्र सर्व मदार टॅगांवर ठेवतो. ज्यांनी आजवर केवळ फोल्डरांच्या नावांवर निभावून नेले, त्यांच्याकडे या ‘अज्ञात’ खात्यात मोठी गर्दी आढळेल.

हे सर्व मार्गळीत करू नये. तेव्हा घरातील कोणालाही प्रयोगांसाठी सवड नसते, आणि ईशान्य मोसमी पावसाच्या दिवसांत वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसतो. लिहिणे चालू असताना वीज गेली तर छोट्या संगणकाचे मेमरी कार्ड बिघडण्याचा संभव असतो, म्हणून एक लहानसा यूपीएस जोडलेला बरा. फेब्रुवारी-मार्च हा काळ त्या दृष्टीने सोयीचा. दोन्ही सर्व्हर महिना-दोन महिने शेजारी शेजारी चालवावेत, घरातील वडील मंडळींनाही नवे ॲप हाताळावयास द्यावे, आणि त्यांची तक्रार येईनाशी झाली म्हणजे जुन्याची सेवा थांबवावी. त्याचा डेटाबेस मात्र पुसू नये. ती फाइल सहसा काही मेगाबाइटांची, फार तर शे-दोनशे मेगाबाइटांची असते. ती तारीख घालून संग्रहाच्या प्रतीबरोबर ठेवून द्यावी, कारण तीतील तारे आणि वाजविल्याच्या नोंदी नव्या सर्व्हरात उतरविणारे साधन आज हाताशी नसले, तरी अशी साधने लिहिणारे हौशी लोक मागाहून निघत असतात.